डागांभोवतीचे टाके

मी एक जुना टेबलक्लॉथ आहे, मित्रांनो. एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. मागावरून उतरलो, दुकानात घडी होऊन बसलो आणि एका आईने लेकाच्या पहिल्या वाढदिवसासाठी मला घरी आणले. त्याच दिवशी लेकाने जॅमने माखलेला पंजा माझ्यावर उमटवला. माझा तोरा उतरला तो कायमचाच.

"अगं, लगेच पाण्यात टाक, नाहीतर जायचा नाही डाग," मावशी म्हणाली.

"नको जायला," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने त्या इवल्या पंजाभोवती लाल दोऱ्याचे टाके घातले.

तेव्हापासून घराची ती रीतच झाली. वाढदिवस असो की सुट्टीत मावशीची मुले येवोत, मी कपाटातून बाहेर यायचो. काही सांडले की आधी सगळे आईकडे बघत, मग "दोरा कुठला, दोरा कुठला?" म्हणून घर डोक्यावर घेत. त्या लेकाच्या, म्हणजे मोठ्याच्या, कोकोभोवती निळा दोरा, त्याच्या धाकट्या बहिणीने मेणबत्तीवर फुंकर मारताना उडवलेल्या मेणाभोवती पिवळा. काकांच्या चहाचा डाग तर एवढा ऐसपैस होता की हिरव्या दोऱ्याचा गुंडा अख्खा संपला. "पुढच्या वेळी बशीतच प्या," असे आईने त्यांना बजावले. काका मात्र येईल त्या पाहुण्याला तो डाग कौतुकाने दाखवत. परीटघडीच्या कपड्यांचा मला पूर्वी हेवा वाटे, तो हळूहळू वाटेनासा झाला.

मुले मोठी होऊन दूर गेली. मी कपाटातच राहू लागलो. पुढे आईला विसर पडायला लागला. आधी चष्म्याचा, मग दिवसांचा, मग माणसांचा. धाकटी तिला सांभाळायला परत आली आणि मला रोज टेबलावर अंथरू लागली. आई डागांवर बोट ठेवी. "हा कोको मोठ्याचा. कुठे असतो गं तो?" त्या डागाशिवाय तिला मोठा आठवत नसे.

आईच्या वाढदिवसासाठी मोठा दोन दिवस आधीच आला. टेबल कळकट दिसते म्हणून त्याचा जीव हळहळला. लहानपणची रीत तो विसरला नव्हता. डाग जातील, टाके राहतील, नक्षी अधिकच उठून दिसेल, असे त्याला वाटले. धाकटीला "गंमत आहे" एवढेच सांगून त्याने मला लॉन्ड्रीत दिले. लॉन्ड्रीवाल्याने आपले काम चोख केले.

वाढदिवसाच्या दिवशी मी पुन्हा पांढराशुभ्र होऊन टेबलावर आलो. आई बसली. तिचा हात पुढे झाला आणि थबकला.

"हे आपलं टेबल नाही," ती घाबरून म्हणाली. "मला घरी ने गं."

"दादा, काय करून बसलास हे!" धाकटीला रडू फुटले.

मोठ्याचा चेहरा पडला. "आईला आवडेल असं वाटलं गं मला." आणि मित्रांनो, ज्या पांढरेपणासाठी मी एके काळी झुरलो, त्याचीच मला लाज वाटली.

मोठ्याने आईचे बोट हातात घेतले, निळ्या दोऱ्यावर ठेवले आणि सावकाश फिरवले. पुन्हा फिरवले. मग ते बोट आपले आपणच फिरू लागले.

"इथे कोको होता," आई म्हणाली. "कुणी पुसला?"

"मी पुसला, आई."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "तूच सांडलास, तूच पुसलास," ती म्हणाली आणि हसली. मोठा लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात आईचा हात लागून चहाचा कप माझ्यावर कलंडला. धाकटी सवयीने फडके आणायला उठली.

"राहू दे," मोठा म्हणाला. "दोरा आण."

ते टाके त्याने स्वतः घातले. माझ्या अंगावर त्यांच्याइतके वेडेवाकडे टाके दुसरे नाहीत.

आता आईची खुर्ची रिकामी आहे. मित्रांनो, स्वच्छता ठेवा, मी कोण नाही म्हणणारा! पण घरातले जुने काही धुवायला काढाल तेव्हा त्यावरून कुणाचे बोट फिरते ते आधी विचारा. आईच्या त्या शेवटच्या डागाला या घरात अजून कुणी पाणी लावलेले नाही.