अनिझोबाची बेहिशेबी गरिबी

“दादा, वाटल्यास हाकलून द्या मला, पण आज एकदा सांगूनच टाका,” भावकीतला म्बानेफो म्हणाला. “पैसे गेले कुठे?”

“कुठले पैसे?” अनिझोबाने विचारलं.

“ऐका!” म्बानेफोने शेजारी बसलेल्या वृद्ध ओरान्येलूकडे हात केला. “चौतीस वर्षं कस्टममध्ये, तेही बंदरावर. आणि वर विचारतात, कुठले पैसे!”

लाल टोपीचा मान मिळालेल्या मंडळींचा प्रमुख ओरान्येलू घर न्याहाळत होता. त्याची नजर सिमेंटच्या जमिनीवरून, गंजलेल्या पत्र्यावरून, कोपऱ्यातल्या दोन ट्रंकांवरून सावकाश फिरली आणि ट्रंकांच्या कुलपांवर स्थिरावली.

हा प्रश्न एकट्या म्बानेफोचा नव्हता. आमच्या सबंध उमुओगेरी गावाला तो सहा वर्षं छळत होता. अनिझोबा लागोसहून निवृत्त होऊन परतला तो या दोन ट्रंका आणि बायको उरेन्वा यांच्यासह. त्याच कचेरीतल्या शिपायाने शेजारच्या गावात तिमजली घर बांधलं होतं. मग या कारकुनाचं गौडबंगाल काय? आम्ही जिज्ञासू लोक आहोत. कुणी म्हणालं, सीमेपलीकडे याचा दुसरा संसार आहे. कुणी म्हणालं, नदीच्या देवीचा शाप आहे. पाद्रीबाबांनी त्याच्या नशिबाची गाठ सुटावी म्हणून लागोपाठ तीन रविवार प्रार्थना घेतली. आमचे हेडमास्तर शिकलेले. त्यांचं अनुमान असं, की त्याने पैसे पुरले आणि जागा विसरला. एका रविवारी तो चर्चमध्ये असताना कुणीतरी त्याचं परस खणूनही पाहिलं. त्याने पैसे घेतलेच नसतील, हे मात्र कुणी सुचवलं नाही. ती शक्यता आमच्या बुद्धीला कमीपणा आणणारी होती.

आरिंझेच्या बाबतीत आमची जिज्ञासा अशी त्रास देत नसे. अनिझोबाचा हा पुतण्या पाच वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन शहरात गेला. आता वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याच्या घराला लिफ्ट होती, फाटकावर सिमेंटचे सिंह होते, आणि गावात त्याने केलेला डांबरी रस्ता होता. तो काय करतो, हे कुणी विचारलं तर उत्तर एकच मिळे: “देवाने दिलं.” इतक्या थोड्या शब्दांत इतकं समाधान देणारं स्पष्टीकरण मी ग्रंथांतही वाचलेलं नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी आरिंझेला लाल टोपी मिळायची होती. आमच्याकडे ती नुसत्या संपत्तीवर मिळत नाही. प्रत्येक भावकीतल्या सर्वांत वडील पुरुषाच्या हाती ओफो असतो: पूर्वजांचा, वीतभर लाकडाचा, हाताळून काळा पडलेला दांडा. तो जमिनीवर आपटून त्याला म्हणावं लागतं, “या मुलाचे हात धुतलेले आहेत. मला ठाऊक आहे.” ओफो हाती धरून खोटं बोलणाऱ्याचा वंश खुंटतो, असं मानतात. आधीच्या वडीलधाऱ्याने ही वाक्यं अकरा जणांसाठी उच्चारली आणि सात मुलगे मागे ठेवून तो सुखाने मेला. तेव्हा कुणाला फारशी भीती उरली नव्हती. त्याच्यामागून ओफो अनिझोबाकडे आला होता. सहा वर्षं ज्याला गावाने भिंगाखाली धरलं, त्याला मिळालेला हा पहिला मान.

“शनिवारी दहा वाजता,” ओरान्येलू अखेर बोलला. “दोनच वाक्यं आहेत.”

“पहिलं म्हणेन हो, आशीर्वाद म्हणून,” अनिझोबा म्हणाला. “दुसऱ्याचं काय करू? मला ठाऊक नाही.”

“आम्हांला तरी कुठे ठाऊक आहे?” म्बानेफो वैतागला. “ज्या रस्त्याने तुम्ही चर्चला जाता, तो कुणी केला? त्यावरून चालताना नाही विचारलंत!”

“चुकलंच. तेव्हाच विचारायला हवं होतं.”

“हे बघ,” ओरान्येलू उठत म्हणाला, “तुला जमत नसेल तर ओफो म्बानेफोकडे जाईल. वयाने तोच दुसरा. मग भावकीच्या बैठकीत तू मागच्या रांगेत. ठरव.”

दुसऱ्या दिवशी आरिंझे स्वतः आला. गाडी त्याने लांब उभी केली, दारात वाकून नमस्कार केला आणि बाकावर अंग चोरून बसला. हे मला उरेन्वाने नंतर सांगितलं. ती आत भाजीसाठी पानं निवडत होती.

“काय करतोस रे तू?” अनिझोबाने विचारलं. आवाजात आरोप नव्हता; पावसाची चौकशी करावी तसा.

“कंपनी आहे, काका.”

“कसली?”

“लोकांची कामं करून देते.”

“कसली कामं?”

आरिंझे हसला, मग हसायचा थांबला. “गंमत सांगू? पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. सुरुवातीला मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. आईसाठी, पाद्रीबाबांसाठी, सगळ्यांसाठी. आईने नवा फ्रीज उघडला, आत डोकं घातलं, आणि गाणं म्हणायला लागली. झालं.”

“मग मला म्हणून दाखव ते उत्तर.”

“ते खोटं आहे, काका.”

“खरं?”

आरिंझेने नजर बुटांकडे वळवली. “खरं सांगितलं तर तुम्हांला ते वाक्य म्हणता येणार नाही. नाही सांगितलं, तर येईल ना?”

“नाही येणार, बाळा.”

निघताना त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. भेट आणली होती, ती गाडीतून काढलीच नाही.

शनिवारी मंडपात दोन हजार माणसं होती. पांढऱ्या वस्त्रातला आरिंझे मध्यभागी गुडघे टेकून बसला होता. अनिझोबा ओफो घेऊन उभा राहिला, आणि ओरान्येलूने ध्वनिक्षेपक हाती घेतला. तो धूर्त माणूस होता. त्याने अडचण ओळखून तिच्यावर उपायही योजला होता.

“ज्याच्या हाती ओफो, त्याचे हात आधी पाहावेत!” तो गरजला. “अनिझोबा, चौतीस वर्षं तू बंदरावर होतास. काही घेतलंस की नाही? पूर्वजांसमोर सांग.”

सापळा साधा होता. ‘नाही’ म्हणाला, तर आमच्या दृष्टीने तो भर सभेत खोटं बोलला, आणि मग दुसऱ्यासाठी खोटं बोलायला त्याची हरकत कसली? ‘होय’ म्हणाला, तर त्याचं तोंडच बंद. सहा वर्षांची जिज्ञासा खुर्च्यांच्या कडेला येऊन बसली.

“घेतलं,” अनिझोबा म्हणाला. “एकदा.”

“काय घेतलं?” मागून कुणीतरी ओरडलं.

“एक शिलाई मशीन. खोकं एका म्हाताऱ्याचं होतं. तो न्यायला आला तेव्हा मी सांगितलं, तुझं खोकं आलंच नाही. तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. घरी म्हणालो, लिलावात मिळालं.”

बायकांच्या रांगेत उरेन्वा ताठ बसली होती. त्या मशीनच्या कमाईवर तिने तीन मुलं शिकवली होती. परतल्यापासून गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे त्यावरच शिवले होते.

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मंडप हसला.

“चौतीस वर्षांत एक मशीन! ओगा साहेब, नोकरी करत होतात की उपास?”

“अहो, निदान दोन तरी घ्यायची! एक बिघडलं तर?”

“म्हणजे घेत होते हो! मी म्हणत नव्हते?”

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पाद्रीबाबांनी डोळे पुसले. ते हसू दुष्ट नव्हतं. सहा वर्षं आमच्यात एक परका माणूस राहत होता, तो आज आमचा निघाला. “आता म्हणा! म्हणा आता!” असा एकच गलका झाला.

तो ओसरेपर्यंत अनिझोबा थांबला. “माझं मला ठाऊक होतं, म्हणून सांगता आलं,” तो म्हणाला. “याचं मला ठाऊक नाही. आरिंझे, तू सांग. असेल ते सांग. मी इथेच उभा आहे.”

आरिंझेने मान वर केली. त्याचे ओठ उघडले. मी पुढच्या खुर्चीवर होतो. ते उघडले हे मी शपथेवर सांगू शकतो. आणि त्याच क्षणी, कुदळीने परसं खणणारं आमचं गाव एकाएकी अजिबात जिज्ञासू उरलं नाही. कुणीतरी ढोलवाल्यांना खूण केली. “दादांना उन्हाचा त्रास होतोय,” ओरान्येलू ध्वनिक्षेपकात म्हणाला आणि त्याने अनिझोबाच्या हातातून ओफो काढून घेतला; हिसकावला नाही, झोपलेल्याच्या हातातून घ्यावा तसा. म्बानेफोने तो जमिनीवर आपटला.

“या मुलाचे हात धुतलेले आहेत. मला ठाऊक आहे.”

“तसंच होवो!” दोन हजार कंठ म्हणाले. त्यांत माझाही होता. वर्गात शिकवून माझा आवाज चांगला कमावलेला आहे. तो लांब जातो.

घरी जाताना उरेन्वाने नवऱ्याला एकच विचारलं. “तीनदा आला होता?”

“तीनदा.”

दुसऱ्या सकाळी दोघांनी मिळून ते मशीन उचललं आणि आरिंझेच्या डांबरी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. म्बानेफोने गाडीची काच खाली करून किंमत विचारली. “विकायचं नाही,” उरेन्वा म्हणाली. “ज्याचं आहे त्याने न्यावं.” चार महिने झाले. मशीन जिथल्या तिथे आहे. चोरीच्या मालाला आमच्या गावात कुणी हात लावत नाही.

शाळा उघडायला आठवडा उरला आहे आणि निळ्या कपड्यांचा ढीग दारात पडला आहे. उरेन्वा उंबऱ्याशी बसून हाताने शिवते. भावकीच्या बैठकीला अनिझोबाला आता बोलावणं येत नाही. तो तिच्या शेजारी बसून सुया ओवतो. सुई उजेडाकडे धरतो, दोरा ओठांत ओला करतो, नेम चुकतो, पुन्हा धरतो. दोरा आरपार जाईपर्यंत ती हात पुढे करून थांबते.