मेणाचा हात

येशूच्या आईच्या, मरियम मायच्या टेकडीवर जत्रेत मेणाचे अवयव मिळतात. पाय घ्या, डोळा घ्या, लेकरू नसेल तर पाळणा घ्या. ज्याचं जे दुखतं ते त्यानं मायपुढं ठेवायचं. नांदगाव खंडेश्वरची शकुन माळीण दोन तास रांगेत उभी राहिली अन् मेणाचा हात ठेवून आली. पायऱ्या उतरताना ती मधेच थांबली. हात दुखतच नव्हता. गाठ होती डाव्या थानात, सहा महिन्यांपासून.

ती उलट पावली पंचफुलाबाईच्या दुकानावर आली. पंचफुलाबाई शकुनच्याच गावची, बौद्ध. साचे तिचे, मेणही तीच ओतायची.

"मावशी, मायले खोटं सांगतलं मी. हात नाही दुखत."

"मंग काय दुखते वं?"

शकुननं पदर छातीशी घट्ट ओढला. म्हातारीनं ते पाहिलं.

"त्याचा साचा नाही माह्याजोळ. कोणी मांगतच नाही. बाप्ये मुतखडा चारचौघात सांगतात, अन् आपण मुक्या!"

खरंच होतं. तिच्या नवऱ्याला, केशवरावाला, मिरचीवरचा बोकड्या रोग बांधावरून दिसायचा, बायकोची गाठ दिसली नाही. दिसेल कशी? तिनं सांगितलीच नव्हती. लहानपणी तिनं 'थान' हा शब्द उच्चारला म्हणून आईनं थोबाडीत मारली होती. बाईनं मरावं, पण नाव घेऊ नये. थू असल्या लाजेवर!

"माय समजून घेईन," पंचफुलाबाई म्हणाली, "पण डाक्टरपुढंयी हातच करशीन काय?"

भर जत्रेत तिनं दुकानावर ताडपत्री ओढली अन् शकुनला दंडाला धरून सिस्टर लोकांच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनं तपासलं अन् अमरावतीला धाडलं. तिथं सुई घालून तपासणी झाली. अहवाल आठ दिवसांनी.

ते आठ दिवस शकुन भाजीच्या जुड्या बांधायची अन् त्या सुटायच्या. आठव्या दिवशी बहिणीकडं जातो म्हणून ती एकटीच अमरावतीला गेली.

"साधी गाठ आहे," डॉक्टरीण म्हणाली. "कॅन्सर नाही."

"नाही?"

"नाही, बाई."

"पक्कं ना?"

डॉक्टरीण हसली. शकुन तिथंच खाली बसली, खूप रडली, मग तिला सपाटून भूक लागली. बसस्टँडवर तिनं दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले अन् नवऱ्याला फोन लावला.

"आयका. माह्या थानात गाठ होती. साधी निंघाली."

"हळू बोल ना वं! कुठं हायेस तू?"

"बसस्टँडवर. लोकं पाहून राह्यले. पाहू द्या."

केशवराव म्हणाला, "थांब तिथंच. मी घ्याले येतो."