वीटभट्टीमागची टोपली

पारशिवनीच्या पुढे नदीकाठच्या घाटावर त्या दिवशी पाच घरांचा दहावा होता आणि एकही कावळा नव्हता. सत्तरेक माणसं उन्हात माना वर करून उभी होती. पिंड मांडून दीड तास झाला होता. लिंबावर एक भारद्वाज येऊन बसला, पण दहाव्याच्या शास्त्रात त्याला जागा नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

चौरंगावर वायसानंद महाराज बसले होते. गळ्यात काळ्या पिसांची माळ, हातात माइक.

"घाबरू नका भाऊ! आत्मा निघाला आहे, वाटेत आहे. ऋषींनी कावळ्याच्या मेंदूत पाच हजार वर्षांपूर्वी टॉवर बसवून ठेवला आहे. तुमचं फाइव्ह-जी कालचं, आमचं काक-जी तेव्हापासून चालू! पण घरात दोष असला की रेंज जाते. गणपतराव भूमापक यांचं घर कोणतं?"

हिमानी आणि तिची आई शोभाताई पुढे झाल्या. महाराजांनी समोरचा फॉर्म पाहिला आणि मग डोळे मिटले. हा फॉर्म सकाळी नऊला विक्रम नावाचा सेवक प्रत्येक घराकडून भरून घेत असे. मृताचं नाव, आजार, दवाखाना, शेवटची इच्छा, घरात कोणाशी अबोला. शेवटचे दोन रकाने बायका रडता रडता आपणहून भरून देत.

"दवाखाना दिसून राहिला मले," महाराज मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "म्हातारा म्हणते, घरी न्या, मले घरी न्या. अन् कोणीतरी नेऊन नाही राहिलं. कोण आहे ते? पोरगी आहे!"

शोभाताईंनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. गणपतराव एकोणीस दिवस दवाखान्यात होते आणि त्यांतले अकरा दिवस ते घरी न्या म्हणत होते, हे खरं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन काढू नका म्हणून सांगितलं होतं, आणि घरी नेणार नाही या कागदावर सही हिमानीची होती.

"वर्षभर हिच्या हातचं पाणी नाही, अन्न नाही, औषध नाही," महाराजांनी निकाल दिला. "दर अमावस्येला घाटावर काकबळी द्या. कबूल?"

"कबूल," शोभाताई म्हणाल्या.

महाराजांनी शंख फुंकला. मिनिटभरात आभाळ काळं झालं. एक नाही, दोन नाही, चाळीस-पन्नास कावळे पिंडांवर उतरले. गर्दीनं हात जोडले. एकानं तर कावळ्यांच्या दिशेनं लोटांगण घातलं, त्यामुळे दोन कावळे उडाले आणि लोक त्याच्यावर ओरडले.

हिमानीनं वीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली होती. असल्या महाराजांवरची पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत हे तिला पाठ होतं. आईला त्यातलं एकही वाचून दाखवण्याची सोय नव्हती, कारण आई तिचं काही ऐकून घेत नव्हती.

नागपूरला परतल्यावर खरा प्रश्न समोर आला. शोभाताईंना दोन वेळा इन्सुलिन लागे. नजर अधू, त्यामुळे सुई हिमानीच देत असे. आता ती देऊ म्हटली की आई पदर घट्ट ओढून घेई. शेवटी शेजारच्या इंदुताईंना बोलावलं. इंदुताई मनानं फार चांगल्या, पण टोचताना डोळे मिटायच्या. त्या कन्हानला लग्नाला गेल्या, तेव्हा तीन वेळा सुई चुकली आणि साखर तीनशे ऐंशीवर गेली.

"आई, महिनाभरात डोळे जातील. वर्ष कुठून काढशील?"

"जाऊ दे. तुया बाप तरी सुटन."

याच दिवसांत हिमानी ड्रोन उडवायला शिकत होती. कारण भावनेचं नव्हतं. गणपतरावांनी मागच्या दिवाळीत एक पाव किलोचा कॅमेऱ्याचा ड्रोन आणला होता. जन्मभर साखळी ओढून लोकांच्या जमिनी मोजल्या, आता आपलं शेत एकदा वरून पाहतो, म्हणाले होते. पण माहितीपुस्तिका पूर्ण वाचल्याशिवाय हात लावायचा नाही असा त्यांचा नेम. पेन्सिलीच्या खुणा एकतिसाव्या पानापर्यंत होत्या. बत्तिसाव्या पानावर लिहिलं होतं की बॅटरी तशीच पडून राहिली तर फुगते. हिमानीनं ते वाचलं आणि आतेबहीण दामिनीला फोन लावला.

दामिनी पारशिवनीची. बचतगटातून शिकून ती आता गावोगावच्या शेतांवर ड्रोननं फवारणी करत असे. नागपुरात विमानतळामुळे कुठेही उडवता येत नाही, म्हणून दर रविवारी हिमानी घाटाजवळच्या गणपतरावांच्या शेतावर येऊ लागली. शेताची जागा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येईल अशा भागात आहे ना, हे दामिनीनं आधी सरकारी नकाशात पाहून घेतलं.

पहिल्या रविवारी तिनं उडवूच दिला नाही.

"बाभळीचा शेंडा हालून राहिला. आज नाही."

"अगं, एवढासा वारा..."

"माहा ड्रोन पंचवीस किलोचा आहे म्हणून माही अक्कल पंचवीस किलोची. तुया पाव किलोचा आहे म्हणून अक्कल पाव किलोची चालन असं नाही, ताई. पंखे पाह्य. एकाले जरी चीर असन तर बदलव."

दुसऱ्या रविवारी हवा पडलेली होती. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं वर न्यायचं, तिथंच थांबवायचं, उतरवायचं. हे वीस वेळा. मग चौकोन काढायचा. ड्रोनचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं, हे हिमानीनं पुस्तिकेत वाचलं होतं आणि पाठही होतं. तरी ड्रोन तुरीत गेला.

"वाचलं होतं मी," ती म्हणाली.

"तुरीनं नव्हतं वाचलं," दामिनी म्हणाली. "स्क्रीनकडे काहून पाहतं? यंत्राकडे पाह्य. डोळ्याआड झालं का ते तुयं नाही. माणसाईच्या डोक्यावरून नाही न्यायचं, अन् बॅटरी तीस टक्के राहिली का मुकाट्यानं वापस."

तिसऱ्या रविवारी, दहाच्या सुमाराला, ड्रोन वीस मीटरवर असताना पूर्वेकडून पाच-सहा कावळे त्याच्यावर चालून आले.

"वर घे! खाली नको, वर घे सरळ! खाली पळते त्याच्या मागं लागतेत ते!"

हिमानीनं रिमोटवरची काडी पुढे रेटली. ड्रोन सरळ वर गेला, कावळे मागे पडले, आणि वळसा घालून तिनं तो उतरवला. ती दुसरी बॅटरी घालत होती, तेवढ्यात घाटावरून शंख ऐकू आला. शेताच्या पूर्वेला एक बंद पडलेली वीटभट्टी होती. तिच्यामागून कावळ्यांचा अख्खा थवा एकदम उठला आणि घाटाकडे गेला.

"हे काय?"

"रोज जातेत. जेवाले."

"मग आधी भट्टीमागे काय करत होते?"

"काय की बाप्पा. मी का कावळा आहो?"

दहा-पंधरा मिनिटांत थवा परत भट्टीमागे आला. पुन्हा शंख झाला, पुन्हा थवा उठला. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे हिमानीला माहीत होतं. म्हणून तिनं मोजलं. चार शंख, चार थवे. मग तिनं ड्रोन आपल्याच शेतावर चाळीस मीटर उंच नेला, तिथंच थांबवला आणि फक्त कॅमेरा पूर्वेकडे वळवला.

"स्क्रीनकडे तू पाहा," ती दामिनीला म्हणाली. "माझी नजर यंत्रावर आहे."

दामिनी स्क्रीनवर वाकली. मग म्हणाली, "ताई, हा तर फॉर्म भरणारा आहे."

भट्टीमागच्या खड्ड्यात विक्रम एका खोक्यावर बसला होता. समोर टोपली होती. तो मूठ-मूठ भरून फेकत होता आणि भोवती कावळ्यांची काळी सतरंजी पसरली होती. शंख वाजला तसा त्यानं टोपलीवर ताडपत्री टाकली, हात झटकले आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली.

त्या संध्याकाळी ड्रोननं टिपलेलं दाखवायला हिमानीनं आईसमोर मोबाईल धरला. शोभाताईंनी तो हातानंच बाजूला केला.

"आजकाल मोबाईलमध्ये मेलेला माणूसही बोलते. मले नको दाखवू."

आईचा हा संशय हिमानीला तत्त्वतः मान्य होता.

"मग स्वतः येऊन पाहा," ती म्हणाली. "अमावस्येला घाटावर जायचंच आहे. पाच मिनिटं आधी भट्टीकडे जाऊ."

अमावस्येच्या सकाळी तिघी भट्टीमागे गेल्या. इंदुताई सुईसाठी सोबत होत्या. खड्ड्याच्या दहा पावलं आधीच वास आला.

"झिंगे!" इंदुताईंनी नाकाला पदर लावला. "दहाव्याच्या घाटाजवळ झिंगे कोण आणते वं?"

विक्रम खोक्यावरून उठला. "काकू, घाट तिकडं आहे. इकडं कशाले आल्या?"

"काय टाकून राहिला गा?" शोभाताईंनी विचारलं.

"पाखराईची सेवा आहे, काकू."

"शंख वाजला का सेवा झाकतं म्हणे तू?"

विक्रमनं हिमानीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आभाळात काहीही नव्हतं.

"आज नको झाकू," शोभाताई म्हणाल्या आणि खोक्यावर बसल्या. टोपली त्यांनी मांडीजवळ ओढली.

"काकू, महाराज मारतीन मले."

"मारतीन तर मारतीन. म्या महिनाभर पोरीच्या हातचं पाणी नाही पेलं."

त्यांनी मूठ भरली आणि फेकली. कावळे फडफडत पुढे सरकले. त्यांना माणूस बदलल्याचं काही वाटलं नाही.

घाटावरून शंख झाला. शोभाताईंनी दुसरी मूठ फेकली. एकही कावळा उठला नाही.

"येत आहे, येत आहे," लाउडस्पीकर म्हणाला. "जीव थोडा अडखळला आहे."

दुसरा शंख. तिसरी मूठ.

"रेंज गेली भाऊ! घरात मोठा दोष आहे!"

शोभाताईंना नीट दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. भोवतीचे पंख त्या मोजत असाव्यात तशा मान कलती करून बसल्या होत्या. तिसरा शंख झाला तरी कावळे जागचे हलले नाहीत.

"सूनबाई!" लाउडस्पीकर कडाडला. "सासऱ्याच्या गोळ्यांची वेळ चुकवली होती का? खरं सांग, सासरा समोर उभा आहे!"

"नाही हो," माइकमध्ये एक कोवळा आवाज रडत होता. "आईची शप्पथ, नाही चुकवली."

शोभाताईंची मूठ हवेतच थांबली.

"हिमानी, ताडपत्री दे. पुरे झालं."

त्यांनी टोपली झाकली. कावळ्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि थवा उठला. लाउडस्पीकरवर एकच गजर झाला, "आला! सासऱ्यानं क्षमा केली! जीव सुटला!"

"त्यानं कुठं केली?" शोभाताई म्हणाल्या. "टोपली तर म्या झाकली. इंदुताई, उचला ही."

घाटावर आलेल्या विधवेला लोक वाट देतात, तशी त्यांनाही दिली. मागे नाक दाबून इंदुताई होत्या, त्यांच्या डोक्यावर टोपली. चौरंगापाशी टोपली खाली ठेवून शोभाताईंनी ताडपत्री काढली. पिंडांवरचे कावळे एकामागून एक माना वळवून पाहू लागले. मग सगळेच्या सगळे भात सोडून चौरंगावर आले. वायसानंदांनी पाय वर घेतले. एका कावळ्यानं त्यांच्या माळेतली पिसं चोचीनं तपासली.

"मांत्रिक बाई आहे ही!" महाराज ओरडले. "विघ्न आणलं हिनं!"

"मंत्र नाही येत मले," शोभाताई म्हणाल्या. माइक त्यांच्या पुढ्यातच पडला होता, त्यामुळे ते नदीपलीकडेही ऐकू गेलं. "झिंगे आहेत. तुमचा विक्रम भट्टीमागं चारते, तवर कावळा इकडं येत नाही. तुम्ही शंख फुंकता, तो टोपली झाकते, मग येते. आत्ता तीनदा फुंकला, म्या नाही झाकली. आला का कावळा? ज्याले पटत नसन त्यानं उद्या भट्टीमागं बसावं अन् स्वतः पाहावं. माह्यावर इश्वास ठेवू नका. मले तर धड दिसतही नाही."

काही माणसं भट्टीकडे धावली. काही महाराजांकडे. दोघा-चौघांनी उद्या रामटेकला कोणी चांगला महाराज आहे का याची चौकशी सुरू केली. विक्रम तेवढा कुठे दिसला नाही.

ओल्या लुगड्यातली सून शोभाताईंजवळ आली. गार्गी तिचं नाव. तिचा नवरा चार पावलांवर खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळापूर्वी त्यानंच तिला 'खरं सांगून टाक' म्हटलं होतं.

"काकू, म्हणजे मामंजींचा माझ्यावर राग नव्हता?"

"ते मले काय माहीत, बाई? असन, नसन. ते जिते असताना त्याईले इचारायचं होतं. कावळ्याले भूक लागते, तो खाते. त्याले तुयं घर ठाऊक नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अन् तू रे? गोळ्या ती देत होती का नव्हती, हे तू रोज डोळ्यानं पाहत होता ना? मग कावळ्याले काहून इचारून राहिला?"

पुढे होऊन त्यानं बायकोच्या हातातलं ताम्हण घेतलं.

हिमानी बाजूला उभी होती. महिनाभर जे विचारायचं राहिलं होतं ते तिनं विचारलं.

"आई, बाबांचा राग होता?"

शोभाताईंनी झिंग्यांचे हात पदराला पुसले.

"होता ना. तुयावर होता, माह्यावर होता, नर्सवर होता, तिथल्या खिचडीवर तर फारच होता. दुखण्यात माणूस चिडतेच. म्हणून का तू चुकली? डागदरनं सांगतलं ते तू केलं. घरी आणलं असतं तर दम कोंडून गेले असते, हे मलेही कळत होतं. सही कराची हिंमत नव्हती, म्हणून तुले करू देल्ली. अन् मग दोष ठेवाले कावळा भेटला."

त्यांनी चोळीची बाही वर सरकवली आणि दंड मुलीपुढे केला.

"दे सुई. इंदुताई, तुम्ही मिटा आता डोळे."