वर्गात आलेला धोटा

मला पाहून तुम्ही दचकलात, मित्रांनो, तरी मला राग येणार नाही. मी धोटा आहे, लिंबायतच्या एका यंत्रमागावर म्हातारा झालेला. हातभर लांब, होडीसारखा, टणक लाकडाचा. दोन्ही टोकांना लोखंडाच्या टोकदार टोप्या आणि पोटात धाग्याची कांडी, असा माझा थाट होता.

माझं काम पळण्याचं. मागाच्या एका बाजूनं ठोसा बसला की मी ताण्याच्या, म्हणजे उभ्या ताणलेल्या, धाग्यांमधून दुसऱ्या बाजूला सुटायचो, तिथून ठोसा बसला की परत. मागे धागा सोडत जायचो आणि कापड वाढत जायचं. लोकांना वाटे, हा किती बेधडक पळतो! मी मात्र प्रत्येक फेरीत घाबरलेला असायचो. तुटका धागा वाटेत आडवा आला की धोटा वाट सोडून थेट हवेत उडतो. समोर कोण उभं आहे, हे त्याच्या हातात नसतं.

माझा कारागीर भिकनदादा धुळ्याकडचा. कांडी बदलली की तो माझ्या कुशीतल्या भोकाला तोंड लावून एका श्वासात धागा बाहेर ओढायचा. मग म्हणायचा, "जाय भाऊ, नीट जाय." तेवढ्यानं मला धीर यायचा. आमच्या साड्यांवरून हात फिरवत व्यापारी म्हणत, "वाह, काय माल आहे!" ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

पुढे धोट्याशिवाय चालणारी मशीनं आली. जुने माग हातोड्यांनी फोडून भंगारात घातले आणि आम्हा धोट्यांचं पोतं चहावाल्याच्या भट्टीशेजारी येऊन पडलं. रोज सकाळी पोत्यात हात यायचा. एक जण जायचा. मग भट्टीत तडतड ऐकू यायची. मला तळाशी सरकावंसं वाटे, पण लाकडाला आपल्या मनानं कुठं सरकता येतं?

एके सकाळी हात आला तो माझ्यावरच. मी मनातून संपलोच होतो. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "भाऊ, हा मला द्या ना. मुलांना गोष्ट लिहायला शिकवायचं आहे."

गुजराती चहावाला हसला. "धोट्यानं? हाणून शिकवणार का, बेन?"

त्या नूतनबाई. नवागामच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवायच्या. त्यांचीही एक अडचण होती. गोष्ट लिहा म्हटलं की सगळा वर्ग गाइडातला सिंह आणि उंदीर उतरवून काढी. स्वतःचं लिहा म्हटलं की मुलं पेन्सिल चावत बसत, चुकण्याच्या भीतीनं. बाईंना वाटलं, या मुलांच्या घरोघरी मागाचे कारागीर. ओळखीची वस्तू हातात आली तर भीड मोडेल. त्यांनी नियम केला, धोटा ज्याच्या हातात, त्यानं गोष्टीचं पुढचं वाक्य सांगायचं आणि धोटा शेजाऱ्याला द्यायचा.

"एक वाघ होता," बाईंनी सुरुवात केली.

"तो रिक्षात बसून डिंडोलीला आला," योगेंद्र म्हणाला. हा वर्गातला सर्वांत वात्रट.

"रिक्षावाला म्हणाला, शेपटी आत घे!" जयश्री ओरडली.

वर्ग खदखदून हसला. हातोहात फिरताना माझी भीती पहिल्यांदाच जरा सैल झाली. आणि मी चैतालीच्या हातात आलो.

ती किंचाळली आणि तिनं मला भिंतीवर फेकलं. "बाई, हा डोळा काढतो!" एवढंच बोलून ती बाकाखाली शिरली. किती समजावलं तरी बाहेर येईना. वाघाची गोष्ट तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी तिची आजी, केशरबाई, शाळेच्या दारात उभी राहिली.

"काय हो बेन, दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला? याच्यासारख्याच एकानं माझ्या धम्मरत्नचा, चैतालीच्या बापाचा, डोळा नेला. पोर रात्रभर थरथरत होती."

नूतनबाईंनी लगेच हात जोडले. "माझं चुकलं, आजी. मी आधी विचारायला हवं होतं."

"मग द्या इकडं. चुलीतच घालते मेल्याला."

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. तो उडालेला धोटा मी नव्हतो, मित्रांनो. तो दुसऱ्याच कारखान्यातला. पण आम्ही सगळे दिसायला सारखेच, हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

केशरबाईच्या खोलीबाहेर अंघोळीच्या पाण्याची तीन विटांची चूल होती. रविवारी सकाळी तिनं काटक्या पेटवल्या आणि मला उचललं. माझं एक टोक तापू लागलं. चैताली पिंपामागे उभी राहून टक लावून पाहत होती.

"आई, थांब," आतून आवाज आला. धम्मरत्न दारात आला. त्याचा उजवा डोळा मिटलेला होता. "दे तो मला."

"कशाला? दुसराही द्यायचाय का त्याला?"

तो मला घेऊन उंबऱ्यावर बसला. त्यानं पकड आणली आणि, आता कुणाला लागू नये म्हणून, माझी लोखंडी टोपी उपटायला लागला. एका डोळ्यानं त्याला अंदाज येईना. पकड पुनःपुन्हा निसटे आणि त्याच्या बोटावर बसे.

"पप्पा, लागेल तुम्हाला!"

चैताली पिंपामागून आली. आधी नुसती जवळ उभी राहिली. पकड पुन्हा निसटली, तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि माझं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"पप्पा, तो उडाला तेव्हा तुम्ही घाबरलात?"

"लई. अजून घाबरतो. म्हणून तर कारखान्याच्या रस्त्यानं जात नाही."

"मला कुणी सगळं सांगितलंच नाही. आजी म्हणे, विषय काढायचा नाही."

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती चुलीतल्या काटक्या उगाच हलवत राहिली. धम्मरत्न सांगू लागला. थांबत, अडखळत, मध्येच पकड चालवत. माझ्या दोन्ही टोप्या निघाल्या तेव्हा मला कळलं, आता कुठल्याच मागावर मला जागा नाही. तरी मी जळलो नव्हतो, आणि त्या मुलीच्या हातात होतो.

सोमवारी तिनंच मला शाळेत नेलं.

"चैताली, तू नुसतं ऐकलंस तरी चालेल," नूतनबाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली. मला पोटाशी धरून ती उभी राहिली. बराच वेळ शब्द फुटेना. मला भीती वाटली, पुन्हा भिंतीवर आपटलो तर आता दुभंगेन.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "माझे पप्पा धागा सांधायला वाकले होते."

वाक्य संपलं होतं. नियमाप्रमाणे तिनं मला शेजारच्या योगेंद्रला दिलं. आता हा वाघ आणणार, असं मला वाटलं. त्यानं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हळूच तिच्या हातात परत ठेवलं.

"माझी पाळी तू घे. पुढं काय झालं?"

ती सांगत गेली. त्यानंतर त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाकडे गेलोच नाही. नंतर तिनं ते सगळं लिहूनही काढलं. अक्षर वाकडं होतं, पण एकही ओळ गाइडातली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी पाळी आल्यावर गप्प उभं राहत असेल. त्याला हसू नका, त्याच्या हातातलं काही हिसकावून घेऊ नका. थोडं थांबा, आणि जमलं तर तुमची पाळी त्याला द्या.