पहिला तुकडा

“काहीतरी देताय तुम्ही याला,” डॉक्टरीणबाई कुत्र्याचा कान उलटा करून आत बघत म्हणाल्या. कान लालबुंद झाला होता. पोटाखाली तर खाजवून खाजवून केसच उरले नव्हते.

“आईशप्पथ, काही नाही देत हो,” भिंगदादा म्हणाला. “तुम्ही सांगितलंत तेवढंच. भोपळा, रताळं, तांदळाचं पीठ. मी स्वतः भाजतो.”

“गहू?”

“घरात गव्हाचं पीठच ठेवत नाही आता.”

“कोंबडी?”

“छे, छे! ती तर पहिल्यापासून बंद आहे.”

“मग याला काय स्वप्नात खाज सुटते?” बाईंनी हात पुसले. “हे बघा, आणखी औषध वाढवलं तर याचं लिव्हर जाईल. पुढच्या वेळी असंच दिसलं, तर याला इथे ठेवून घेणार. आमच्या हातचं खाल्लं की कळेल, चूक कुत्र्याची आहे की घराची.”

ढब्बूने शेपटी हलवली. त्याला काय, कोणी नाव घेतलं की तो खूश.

भिंगदादा घरी निघाला तो चक्रावूनच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, म्हणून हे नाव. काचेत केसाएवढी खोट असली तरी त्याच्या बोटाला कळायची. पण या कुत्र्याचं गणित काही केल्या सुटत नव्हतं. भोपळा बदलून झाला, ओव्हनचा ट्रे नवीन आणला, भांडी घासायचा साबणसुद्धा बदलला. शेजारच्या काकूंना बजावलं, “ब्रेडचा तुकडासुद्धा टाकू नका हं त्याला.” झाडूवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तर दोनदा सांगितलं. तरी खाज आपली चालूच. बरं, तीही सारखी नाही. चार दिवस कमी, की पुन्हा भडका. आता बोला!

कुत्रा मुळात त्याचा नव्हताच. बायकोचा. ढब्बूला बाहेरचं काही सोसत नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी खाऊ करायचं तिनेच सुरू केलं. दुपारी हा दुकानात असताना ती ट्रे भरायची, आणि संध्याकाळी घरात भाजल्या रताळ्याचा वास असायचा. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या आजारपणात तिचे वडील राहायला आले होते, ते राहिलेच. “दिवसभर कुत्र्याजवळ कोणीतरी हवं,” एवढंच ते म्हणाले, आणि भिंगदादाने मान हलवली.

त्या दोघांत बोलणं असं कधी नव्हतंच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांना काय हाक मारावी हे भिंगदादाला ठरवता आलं नव्हतं. ती मध्ये होती तोवर अडलंही नाही. आता तो “अहो” म्हणून घसा खाकरायचा आणि सासरे “जावईबापू” म्हणून. येताना त्यांच्यासाठी साखर नसलेल्या बिस्किटांचा पुडा आणायचा, टेबलावर ठेवायचा, झालं. पण घरात दुसरा माणूस आहे, कोणाच्या तरी चपला दारात आहेत, याचा त्याला फार आधार वाटायचा. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. कसं दाखवतात, तेही त्याला माहीत नव्हतं.

म्हणून तर डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मेहुण्याचे फोन सुरू झालेच होते: “बाबांना आमच्याकडे पाठवा आता.” कुत्रा दवाखान्यात गेला, की म्हाताऱ्याला इथे राहायला कारण काय उरणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचल्यावर भिंगदादाच्या लक्षात आलं, आपण आपला चष्माच घरी विसरलो. सगळे पोट धरून हसले. हा तसाच परत फिरला.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून सासऱ्यांचा आवाज आला.

“थांब रे, हावरट. आधी मी.”

भिंगदादा दारातच थबकला. सासरे टेबलाशी बसले होते. पुढ्यात ढब्बूच्या खाऊचा डबा उघडा. त्यातली एक चकती त्यांनी मोडली, हुंगली, तोंडात टाकली आणि कवळी सांभाळत बराच वेळ चघळली.

“कच्चं आहे आतून. हे नाही चालायचं तुला. पोट बिघडेल,” ते म्हणाले. उरलेलीही त्यांनी स्वतःच खाल्ली. मग आपल्या पुड्यातलं बिस्किट काढून ढब्बूसमोर धरलं. “तुझं मी घेतलं, माझं तू घे. फिटंफाट.”

ढब्बूने ते एका घासात संपवलं.

“अहो!” भिंगदादा ओरडलाच. “अहो, गहू आहे त्यात!”

सासरे दचकले. “मग? कोंबडी नाही ना?”

“गहूसुद्धा बंद आहे त्याला! केव्हापासून!”

“मला कोणी सांगितलं?”

भिंगदादा मनातल्या मनात मोजू लागला. काकूंना सांगितलं होतं. झाडूवालीला, दूधवाल्याला, पहारेकऱ्याला दोनदा. आणि घरात बसलेल्या या माणसाला?

“पण तुम्ही हे खाता कशाला?” तो शेवटी म्हणाला. “कुत्र्याचं आहे ते.”

“तपासतो.” म्हाताऱ्याचे कान लाल झाले. “ती आजारी होती तेव्हा दुपारी ट्रे मीच बाहेर काढायचो. पहिला तुकडा मला द्यायची. म्हणायची, बाबा, तुम्ही खाल्लात तरच त्याला घालीन, त्या बिचाऱ्याला बोलता येत नाही. तुम्ही रविवारी करता तेव्हा मी खाली फिरायला जातो. तुमच्या कामात लुडबुड कशाला? मग दुसऱ्या दिवशी बघतो. कधी चांगलं जमतं तुम्हाला. कधी सगळा घाणा कच्चा. तेव्हा मीच संपवतो.”

“सगळा?”

“मग काय टाकून देऊ? तुम्ही एवढं मरमर करून केलेलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

म्हणजे भिंगदादाचा हात बिघडला, की म्हातारा ते कच्चं पीठ मुकाट्याने गिळायचा आणि कुत्र्याला आपला पुडा द्यायचा. चार दिवस कमी आणि पुन्हा भडका! भिंगदादाला हसावं की रडावं कळेना. राग आला होता, तो कुठे गेला तेही कळेना. तो खुर्चीवर बसला आणि चष्मा समोर असूनही तो शोधत राहिला.

रविवारी ट्रे बाहेर आला तेव्हा सासरे चपला घालत होते.

“बाबा,” भिंगदादा म्हणाला. शब्द तोंडात नवाच होता, जरा अडखळला. “जाऊ नका. बसा.”

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. “मग, कधी पाठवताय बाबांना?”

“नाही जमायचं. काम आहे त्यांना इथे.”

“या वयात? कसलं काम?”

“आहे,” म्हणून भिंगदादाने फोन ठेवला. मग पहिली चकती मोडली, फुंकर घातली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ढब्बू जमिनीला पोट टेकवून म्हाताऱ्याच्या जबड्याकडे बघत बसला. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि सावकाश चावलं.

“भाजलंय नीट,” ते म्हणाले. “भोपळा कमी पडलाय जरासा. सांगा तिला.”

डोळे उघडायला त्यांना वेळ लागला.

“सांगतो,” भिंगदादा म्हणाला, आणि दुसरा तुकडा त्याने ढब्बूला दिला.