कंपनीमहाराजांचं नाणं

"लागलं, लागलं! तांदूळ वडलं रं नाण्यानं!"

आटपाडीच्या पलीकडच्या आमच्या वाडीत बिरोबाच्या देवळापुढं माणूस मावत नव्हतं. मधोमध बसले होते कंपनीमहाराज. ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं बाळगतात म्हणून हे नाव. नाण्याच्या एका बाजूला राम आणि मारुती, दुसऱ्या बाजूला १८१८ साल. महाराजांनी ताटातल्या लाल अक्षतांवर नाणं धरलं की दाणे उडून त्याला चिकटत, आणि बायका हात जोडत.

"दोनशे वर्सांचं जागृत नाणं! विलायतेच्या राणीनं नवस बोलून पाडलंय. तवापास्नं रोज अभिषेक हुतोय. ह्याचं तीर्थ प्या अन् दवाखान्याच्या गोळ्या फेकून द्या!"

त्या साली विलायतेत राणी नव्हे, राजा गादीवर होता. मी शाळेत इतिहास शिकवते, जुनी नाणी जमवते, त्यामुळे मला हसूच येत होतं. पण पुढं पोरीला घेऊन बसलेली मंगल दिसली आणि हसू आटलं. तिच्या लेकीला, राणीला, फिट येते. महाराजांच्या सांगण्यावरून गेल्या आठवड्यापासून पोरीच्या गोळ्या बंद होत्या.

मी तिच्याजवळ गेले. "मंगल, गोळी अशी एकदम बंद करू नये गं. जिवावर बेतेल."

"कवापास्नं गोळ्याच घालतीया की, बाई. हितं देव समोर हाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

तेवढ्यात राणीचे डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि ती आडवी झाली. एकच आरडाओरडा. महाराज नाणं तिच्या तोंडात घालायला धावले. घशात अडकलं असतं म्हणजे? मी ते हिसकावून घेतलं, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली. थोड्या वेळानं झटके आपोआप थांबले.

"बघा! नाण्याचा वारा लागला, बाधा पळाली!" महाराज घाम पुसत म्हणाले.

असला निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता. नाणं अजून माझ्याच हातात होतं. सवयीनं मी ते न्याहाळलं.

"मंगल, तुझ्या देव्हाऱ्यातला टाक आण."

महाराजांना गावात आणणारे म्हातारे मेंढपाळ नानासो भडकले. "बाई, देवाची परीक्षा घेता व्हय?"

"देवाची नव्हे नानासो, धातूची."

मंगलचं घर देवळाला लागूनच, ती लगेच घेऊन आली. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला तो देव मी नाण्याशेजारी धरला.

"केवढा जुना हा?"

"आजेसासूच्या बी आदीचा. धुऊन धुऊन नाक गेलं, डोळं गेलं देवाचं."

"आणि हे नाणं दोनशे वर्षं रोज धुतात, तरी मारुतीच्या शेपटीचा केस न् केस शाबूत? झिजतो तो आधी उंच भाग. ही कड बघ. खरं नाणं एकसंध असतं, इथं सगळीकडून सांधा आहे."

मंगलनं कडेवरून नख फिरवलं. तिचा चेहरा बदलला.

"नानासो, तुमची कातर द्या," ती म्हणाली.

लोकर कातरायची कातर त्यांच्या पिशवीत होतीच. तिचं टोक सांध्यात घालून मंगलनं पिळलं. नाणं कुंकवाच्या करंड्यासारखं उघडलं आणि आतून चपटं लोहचुंबक पडलं.

"आन् तांदूळ?" नानासोंनी अक्षतांचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

मी चहाच्या काचेच्या ग्लासात पाणी घेऊन अक्षता चोळल्या. कुंकू सुटलं, तळाशी काळी भुकटी बसली. बाहेरून चुंबक लावताच भुकटी सरकत काचेशी आली.

"लोखंडाचा बारीक कीस, कुंकवात दडवलेला. घरच्या तांदळावर हे चुंबक धरा, दाणा हलायचा नाही."

महाराज झोळी उचलून निघालेच होते. लोकांनी वाट अडवली. मारायला धावलेल्यांना मी आवरलं, नानासोंनी पोलिसांना फोन लावला.

मंगल मात्र राणीचं डोकं मांडीवर घेऊन तशीच बसली होती. "बाई, मग माजी पोर बरी हुनार कशानं?"

खोटा धीर द्यायचा मोह मलाही झाला. "पूर्ण बरी होईल का, मला ठाऊक नाही मंगल. गोळ्यांनी फिट आटोक्यात राहते, अचानक बंद केल्या की उसळते, एवढं नक्की. चल, आत्ता डॉक्टरांकडं जाऊ."

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं.

अडलेल्या माणसाला चमत्कार हवासा वाटतो, त्याला हसू नका. मी हसले होते, तेवढ्यात एक पोर मरता मरता वाचली. चमत्कार दाखवणाऱ्याची वस्तू हातात मागून घ्या, कड तपासा, घरचे तांदूळ पुढं ठेवा. खरं असेल ते तपासण्यानं बाटत नाही. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर तिथं वाद घालत बसू नका. पोराला उचला आणि आधी दवाखाना गाठा.