सलोनीच्या वाट्याचं दूध

मी पेला बोलतोय. स्टीलचा, दुधाचा, देवबागच्या यशोदाच्या घरातला. बोलायची मला सवय नाही, आणि जे सांगायचंय ते मान वर करून सांगण्यासारखंही नाही. पण मांडणीवर पालथं पडून राहिलं की तेच तेच आठवतं. म्हणून एकदा सांगून टाकतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते वेंगुर्ल्याचं भांड्यांचं दुकान. तिथून कोणीतरी माझ्यासारखे पंचवीस पेले घेतले आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटले. मी यशोदाच्या हातात आलो. माझे भाऊ बाकीच्या घरी गेले. कुणात पाणी पितात, कुणात दात घासायचे ब्रश ठेवतात. माझ्या वाट्याला दूध आलं, याचा मला फार गर्व होता.

यशोदा मूळची आतल्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्न होऊन ती या वाळूच्या पट्टीवर आली. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी. आजूबाजूच्या बायका सकाळी मासळी विकायला बाहेर पडत, तेव्हा त्यांची दीड-दोन वर्षांची पोरं कोण बघणार? यशोदाने आपली पडवी झाडून, चटई अंथरून मोकळी करून दिली. एक पोर आलं, मग दुसरं, मग पाच झाली. प्रत्येक आईने आपल्या पोराच्या नावाने दूध लावलं.

अंगणवाडीची संचिता एकदा येऊन बसली. तिने आपल्या मापातून माझ्यात पाणी ओतलं आणि यशोदाने त्या पातळीवर खिळ्याने रेघ मारली. मला दुखलं, पण बरंही वाटलं. संचिता म्हणाली, "या रेघेपर्यंत, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. पाणी घालायचं नाही. जास्तही पाजायचं नाही, मग मुलं जेवत नाहीत."

त्या दिवसापासून मी नुसता पेला राहिलो नाही. मी माप झालो.

सर्वेश मला दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा करायचा आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन हसायचा. एकजण अर्ध्यावर झोपायचा. सलोनी मात्र आली त्याच दिवशी तिने मला पायरीवर आपटलं. माझ्या पोटाला पोचा पडला. इतकी वर्षं सांभाळलेलं माझं गुळगुळीत अंग! मला तिचा राग आला. लहान मुलाचा राग धरणं हे किती हलकं काम आहे ते तेव्हा मला कळलं नाही.

सलोनी ही हिराची मुलगी. हिरा पहाटे किनाऱ्यावर जाऊन रापणीची, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणलेल्या मोठ्या जाळ्यातली, मासळी घ्यायची, घरी येऊन सलोनीला पेज भरवायची, हातानेच तिचं तोंड पुसायची, आणि मग एका कडेवर ती आणि डोक्यावर टोपली अशी धावत यायची.

दुसऱ्या दिवशी यशोदाने सलोनीला घेतलं, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि थबकली.

"ह्यां चेडू माशे खावन इलां," ती स्वतःशीच म्हणाली. "माशार दूध नको गे बाय. अंगार डाग येतले."

तिच्या एका आत्याच्या गालावर पांढरे डाग होते. माशावर दूध प्यायली म्हणून झाले, असं सगळं गाव म्हणायचं. ती भीती यशोदा माहेराहून घेऊन आली होती. ती वाईट बाई नव्हे, हे मला सांगायलाच हवं. तिने सलोनीला भाताची पेज दिली आणि मला पालथं ठेवलं. सलोनीने माझ्याकडे हात केला. यशोदाने मला दूर सरकवलं, आणि मला बरं वाटलं.

असं रोज होऊ लागलं. दारात वास घ्यायचा आणि सलोनीच्या पाळीला, सकाळी आणि दुपारीही, मला पालथं घालायचं. यशोदाने हिराला कधी विचारलं नाही. मासे विकणाऱ्या बाईला 'मासे भरवतेस का' असं विचारायचा तिला संकोच वाटायचा.

सलोनीच्या वाट्याचं दूध टोपात उरायचं. संध्याकाळी त्याचा चहा व्हायचा. हिरा दमून पोर न्यायला आली की यशोदा तिच्याही पुढे कप करायची. हिरा पायरीवर बसून फुंकर घालून प्यायची आणि म्हणायची, "वयनी, तुझी चाय बरी दाट गो! मागल्या दारात म्हस बांधलंस काय?"

यशोदा हसायची आणि भांडी विसळायला आत वळायची. विसळताना तिचा हात माझ्या रेघेवर जरा जास्त वेळ थांबायचा. मला सगळं कळत होतं. तरी मी चकचकीत होऊन मांडणीवर बसायचो.

तीन महिने गेले. संचिता वजनकाटा घेऊन आली आणि तिने तो पडवीच्या वाशाला टांगला. त्या दिवशी रापणीला फारसं काही लागलं नव्हतं, म्हणून हिराही लवकर परतली होती. सर्वेशचं वजन वाढलं होतं. सलोनीला झोळीत बसवलं, तेव्हा संचिताने वही मागे चाळली, पुन्हा काटा बघितला.

"तीन महिने वजन तेवढंच आहे. यशोदाताई, हिला दोन वेळा दूध देता ना?"

यशोदाने मला उचललं. माझी रेघ संचिताच्या डोळ्यांसमोर धरली.

"देतंय मां. ह्या रेघेपर्यंत."

मला साक्षीला उभं केलं होतं. रेघ बरोबर होती, बोलणं खोटं होतं. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. बहुतेक गप्पच राहिलो असतो.

हिरा खाली बघत म्हणाली, "वयनी देतली नाय तर कोण देतला? माझ्याच हातान काय तरी चुकता. उद्यापासून टोपली ठेवन देतंय. घराक बसान चेडवाक बघतंय."

तिच्या घरात टोपलीशिवाय दुसरा आधार नव्हता. यशोदाने मला खाली ठेवलं.

"थांब गो," ती म्हणाली. "मी तेका दूध दिलंयच नाय."

हिराने मान वर केली. "म्हणजे?"

"तू माशे भरवन आणतंस. तेच्या तोंडाक वास येता. डाग पडती म्हणान मी भियालंय."

हिराने आपला तळवा यशोदाच्या नाकाशी नेला.

"ह्यो वास माझ्या हातांचो, वयनी. किती धुलंय तरी जाणा नाय. काट्यांक भियान माशे मी तेका अजून दिलंयच नाय. सकाळी नुसती पेज देतंय."

"आणि दिले असते तरी दूध द्यायचं होतं," संचिता हळूच म्हणाली. "मासे आणि दुधाने डाग पडत नाहीत, ताई. एकदा मला विचारायचं होतं."

हिरा अजून यशोदाकडेच बघत होती. "मगे माझ्या चेडवाच्या वाट्याचां दूध खंय गेलां?"

"चायेत."

हिरा पायरीवर बसली. रोज बसायची त्याच जागी.

"म्हणजे तां मीच पिलंय," ती म्हणाली. "वर दाट म्हणान हसलंय सुद्धा."

सलोनीला कडेवर घेऊन ती निघून गेली. तीन दिवस आली नाही. ते तीन दिवस यशोदाने चहा केला नाही.

चौथ्या दिवशी हिरा आली, टोपलीसकट. पडवीत उभी राहून म्हणाली, "माझ्यासमोर पाज."

यशोदाने रेघेपर्यंत दूध ओतलं आणि मला सलोनीच्या ओठांना लावलं. सलोनीने तोंड फिरवलं. मी जवळ आलो की मला दूर नेतात, एवढंच ती शिकली होती. माझ्या आयुष्यात त्याहून मोठी लाज मला वाटलेली नाही. पोचा मला तिने एकदाच पाडला होता. मी मात्र तीन महिने रोज तिच्यावर राग धरून बसलो.

हिराने मग आपल्या त्याच वासाच्या हाताने मला धरलं, आणि सलोनी प्यायली.

आता मी जुना झालोय. रेघ पुसट झाली, की यशोदा खिळ्याने पुन्हा गिरवते. सलोनीचं वजन हळूहळू वाढतंय. तिचा अंगठा माझ्या पोच्यात नेमका बसतो, म्हणून मी तिच्या हातातून निसटत नाही. संध्याकाळी यशोदा कोरा चहा करते. हिरा तो पिते, पण म्हशीचं आता काही बोलत नाही.

तुमच्याही घरात कुणाच्या पोराच्या वाट्याचं दूध येत असेल, तर माझं एवढं ऐका. मनात शंका आली तर त्याच्या आईला विचारा. विचारायला लाज वाटली तरी विचारा. ती लाज थोडा वेळ टिकते. माझी अजून गेलेली नाही.

सलोनीला एक सवय लागली आहे. ती सगळं दूध पिते, पण शेवटचा घोट ठेवते आणि मला दोन्ही हातांनी उचलून यशोदाच्या तोंडाजवळ नेते. म्हणते, "घे."

यशोदा नको म्हणून मान हलवते. सलोनी हात मागे घेत नाही. आणि मी दोघींच्या मध्ये असतो, एका घोटासकट, कुठे बघावं ते न कळून.